सोळा रंगांतला चेहरा

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणायचे. खरं नाव वेगळं होतं. पण कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात कोपऱ्यातला प्रिंटर अचानक घरघरला आणि ती खुर्चीसकट मागे सरकली, तेव्हा मालक खो-खो हसत म्हणाले, "अहो, तुम्ही तर अगदीच भित्री भागूबाई!" त्यातलं 'भित्री' लवकरच गळून पडलं, 'भागूबाई' मात्र चिकटलं ते चिकटलंच. तिनं कधी हरकत घेतली नाही. खोटं काय होतं त्यात? लिफ्टमध्ये ती एकटी पाऊल टाकायची नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत साप बघावा तशी त्याच्याकडे बघत बसायची. रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तरी पलीकडच्या फुटपाथवरून जायची, आणि जाताना मान वळवून ते खरंच झोपलंय ना, याची खात्री करून घ्यायची.

ऑफिस म्हणजे एका लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खालच्या वाफेनं जमीन कायम कोमट असायची आणि सगळ्या कागदांना इस्त्रीचा वास यायचा. माणसं तीन. मालक मनानं चांगले, फक्त समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. दुसरा प्रोग्रॅमर, वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, तिला भागूताई म्हणणारा. तिसरी ती. हे तिघं मिळून नवे कॉम्प्युटर गेम बनवायचे, पण दिसायला जुने, चाळीसेक वर्षांपूर्वीचे वाटतील असे. मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांचे, मोजक्या रंगांचे. लहानपणी असे गेम खेळलेली माणसं आता चाळिशी-पन्नाशीला आली होती आणि त्यांना ते दिवस परत हवे होते.

भागूबाईला हे काम फुलं गुंफावीत तसं जमायचं. तरुणपणी ती भरतकामाच्या एका मासिकासाठी चौकटीच्या कागदावर नमुने काढायची. एक चौकट म्हणजे एक टाका. इथे एक चौकट म्हणजे एक ठिपका, एवढाच काय तो फरक. मोर काय, जहाज काय, कुठलीही गोष्ट कमीत कमी ठिपक्यांत कशी बसवायची हे तिच्या बोटांना सांगावं लागत नव्हतं.

एके दिवशी मालक हात चोळत आत आले. "नवं काम. भीतीचा गेम. एकच घर, एकच गोष्ट, पण दोन अवतार. एक बटण दाबलं की घर जुन्या पाश्चात्य गेमसारखं दिसेल, पुन्हा दाबलं की जुन्या जपानी गेमसारखं. घरात एक काहीतरी आहे. बस्स."

"आणि ते काहीतरी कोण काढणार?" भागूबाईनं विचारलं.

"तुम्हीच की!"

प्रोग्रॅमरला चहाचा ठसका लागला. भागूबाईचा चेहरा पडला. "अहो, मी भुताचा सिनेमा उशीच्या आडूनसुद्धा बघत नाही."

"म्हणूनच तर! घाबरण्यातलं तुमच्याइतकं इथे कोणाला कळतं?"

ती खुर्ची भिंतीला टेकवून, पाठीमागे कुणी येऊ शकणार नाही अशी व्यवस्था करून, जुने गेम बघायला बसली. प्रोग्रॅमर एकेक लावून द्यायचा आणि ती एक डोळा बारीक करून बघायची. दोन-तीन दिवसांत तिची भीती थोडी मागे हटली आणि हाताला सवय असलेलं कुतूहल पुढे आलं. दोन्हीकडच्या चित्रकारांकडे रंग थोडेच होते, ठिपके थोडेच होते. तरी एकाच्या जागी दुसऱ्याचं चित्र ठेवलं असतं तर तिनं ते लांबून ओळखलं असतं.

पाश्चात्य चित्रकारांना आपल्याकडे रंग कमी आहेत हे जणू मान्यच नव्हतं. ते जाड जाड ठिपक्यांत तैलचित्र रंगवायला निघाले होते. दगड खडबडीत दिसलाच पाहिजे, तलवार चमकलीच पाहिजे, दंडावरचा स्नायू फुगलाच पाहिजे. प्रकाश कुठल्या तरी एका बाजूनं यायचा आणि दुसरी बाजू काळ्या, तपकिरी, करड्या रंगात बुडायची. लांबच लांब बोळ, त्याच्या टोकाला अंधार, आणि त्या अंधारातून खेळणाऱ्याच्या अंगावर येणारं जनावर.

जपानी चित्रांत आधी रेघ. बारीक, नेटकी, शाईनं ओढल्यासारखी. रेघेच्या आत सपाट रंग. तिसऱ्या रंगाची गरज पडलीच तर दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडायचे, की लांबून तिसरा रंग दिसलाच. नाक म्हणजे एक टिंब. तोंड म्हणजे एक छोटीशी आडवी रेघ. सगळी मेहनत डोळ्यांत.

"यांची रेघ इतकी बारीक कशी?" तिनं विचारलं.

"त्यांच्या लिपीमुळे, भागूताई," प्रोग्रॅमर म्हणाला. "अक्षरं किचकट. जाड ठिपक्यांत वाचताच यायची नाहीत. म्हणून त्यांच्या ऑफिसच्या मशीनवर ठिपके बारीक केले. मग रंगांना जागा कमी पडली, आठ, फार तर सोळा. आणि एवढं बारीक चित्र भराभर हलवायची त्या मशीनची ताकद नव्हती. म्हणून चित्र जागच्या जागी. खाली मजकूर येत राहतो, वर चित्र बघत राहतं."

"बघत राहतं म्हणजे?"

"म्हणजे आपण चित्राकडे बघत राहतो. चुकून बोललो."

अपवाद दोन्हीकडे ढीगभर होते, हेही त्यानं दाखवलं. पाश्चात्यांची भुयारं जपान्यांनी उचलली होती आणि पुढे जपानी डोळे पाश्चात्यांनी. पण भागूबाईला हवं होतं ते तिला सापडलं होतं.

पाश्चात्य अर्धं तिनं झपाट्यानं संपवलं. दगडी भिंती, मशालीचा पिवळा उजेड, आणि कच्च्या मांसाच्या रंगाचा एक राक्षस. प्रोग्रॅमरनं तो बोळात सोडला. दात विचकत, प्रत्येक उडीला दुप्पट होत तो स्क्रीनभर झाला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. भागूबाई मात्र त्याच्याकडे बघत शांतपणे चहा पीत होती, आणि याचं तिलाच नवल वाटलं.

"तुम्हाला नाही भीती वाटली?" मालकांनी विचारलं.

"नाही हो. येतोय हे दिसतं ना. येताना दिसला की पळता येतं."

खरा घोळ जपानी अर्ध्यात झाला. मोठ्या डोळ्यांची बाई काढली की ती गोडच दिसायची. डोळे लाल केले, केस पुढे सोडले, ओठाच्या कडेला रक्त दाखवलं, मालक म्हणायचे, "बाहुलीच्या दुकानात ठेवा, हातोहात खपेल." भागूबाई वैतागली. एका दुपारी तिनं रक्तबिक्त सगळं पुसलं आणि एक साधी बाई काढली. खिडकीपाशी बसलेली, हातात कप. बाहेर स्वच्छ ऊन, गुलाबी-निळ्या ठिपक्यांचं आकाश. डोळ्यांत चमक म्हणून दोन पांढरे ठिपके होते, ते तिनं सहज काढून टाकले. मग बुबुळं एक ठिपका बाजूला सरकवली, म्हणजे बाई खेळणाऱ्याकडे बघतेय असं वाटावं पण नजर त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी जावी. मग कप थोडा कलता केला.

आणि तिच्या काळजात धस्स झालं. हातातलं पेन खाली पडलं, ते तिला कळलंसुद्धा नाही. स्क्रीनवर धाकटी बसली होती.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. दोघी फ्रॉक घालायच्या वयाच्या होत्या तेव्हाची गोष्ट. धाकटी अशीच खिडकीपाशी बसून दूध पीत होती. भागूबाईनं काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. बघते तर धाकटीचे डोळे सताड उघडे, ओठ काही चघळल्यासारखे हलताहेत, आणि कलत्या कपातलं दूध तिच्या मांडीवर सांडतंय. हाक मारली, हलवलं, गालावर चापट मारली. घरात धाकटी होती आणि धाकटी नव्हती. थोड्या वेळानं ती आपोआप परतली आणि चिडून म्हणाली, "माझ्या फ्रॉकवर दूध कोणी सांडलं?"

डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. कधी नुसतंच असं बसणं, कधी आधी बसणं आणि मग जमिनीवर कोसळून हातपाय झाडणं. 'फिट' हा शब्द आईला सहन व्हायचा नाही, म्हणून घरात त्याला 'थांबणं' म्हणायचे. 'धाकटी थांबली', 'आज सकाळी थांबली होती', असं. आई देवाघरी जाताना भागूबाईला म्हणाली, "धाकटीकडे बघ." तेव्हापासून भागूबाई बघत होती. लग्न तिनं केलं नाही, धाकटीनंही नाही. दोघी तीन खोल्यांच्या घरात राहायच्या. धाकटी घरी बसून, कानाला हेडफोन लावून लोकांची भाषणं आणि मुलाखती टाइप करून द्यायची. एकटी असताना गॅस पेटवायचा नाही, बाथरूमची कडी लावायची नाही, असे भागूबाईचे नियम. ऑफिसातून ती सारखे फोन करायची.

"काय करतेस?"

"श्वास घेतेय, ताई. चालेल ना?"

भागूबाईची सगळी भीती, लिफ्टची, कुत्र्याची, फोनच्या घंटीची, त्या एका खिडकीपासून सुरू झाली होती. तिनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. धाकटी लहानपणापासून विचारायची, "ताई, मी तेव्हा कशी दिसते गं?" आणि ती दरवेळी सांगायची, "झोपल्यासारखी. शांत."

तिनं चित्र पुसायला घेतलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाप रे!"

प्रोग्रॅमर होता. त्याचा चेहरा उतरला होता. "भागूताई, हे... हे काय काढलंत? मला वाटलं ती माझ्या मागे कोणाला तरी बघतेय." आणि त्या बिचाऱ्यानं खरोखरच मागे वळून बघितलं.

मग मालक आले. एरवी लगेच बोलणारे ते चित्राकडे नुसते बघत राहिले, तेव्हाच भागूबाईला कळलं की आता हे चित्र सुटत नाही. "हेच," ते शेवटी म्हणाले. "बाकी सगळा गेम हिच्याभोवती."

तेव्हाच तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे धाकटीचं थांबणं चव्हाट्यावर मांडायचं. शिवाय, हेही खरं, आजवर तिनं काढलेल्या कुठल्याच चित्रानं कोणाला मागे वळायला लावलं नव्हतं. तिनं चित्र पुसलं नाही. त्या दिवसापासून घरी धाकटी समोर बसली की भागूबाई खाली मान घालून जेवायची. धाकटी म्हणायची, "काय गं, ऑफिसात कोणाचा खून केलास का?"

मालकांनी जाहिरात काढताना तिला विचारलं नाही. विचारायची त्यांना गरजही वाटली नसावी. सकाळी ती कामावर आली तेव्हा प्रोग्रॅमरनं आनंदानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. एका बाजूला बोळातून धावत येणारा राक्षस, दुसऱ्या बाजूला खिडकीतली बाई, खाली गेमचं नाव. "लोकांनी डोक्यावर घेतलंय, भागूताई! इंटरनेटवरच्या आपल्या पानावर प्रतिक्रियांचा नुसता पाऊस पडतोय."

ऑफिसचं ते पान धाकटी रोज बघायची. ताईचं चित्र आलं का, हे बघायला.

भागूबाईनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. धाकटी कानाला हेडफोन लावून बसली असेल. पुन्हा. बाथरूममध्ये असेल. पुन्हा. आता तिच्या डोळ्यांपुढे फरशी आली, फरशीवर पडलेला कप आला, टेबलाचा टोकदार कोपरा आला. घराची किल्ली तेवढी उचलून ती पर्सही न घेता उठली. मालक म्हणाले, "अहो, कुठे—" पण ती जिन्यात पोचली होती.

रस्ता कसा पार केला ते तिला नंतर कधी आठवलं नाही. चपलेचा अंगठा तुटला तशी तिनं चप्पल हातात घेतली. इमारतीखाली लिफ्ट उघडी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी त्यात शिरली, कारण पायांत त्राण उरलं नव्हतं. किल्ली कुलपात जाईना. दोनदा हातातून पडली. दार उघडलं तेव्हा घरात इतकी शांतता होती की फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"बाळे?" तिनं हाक मारली.

धाकटी खिडकीपाशी बसली होती. हातात कप. कप कलता. डोळे सताड उघडे, आणि नजर भागूबाईच्या खांद्यावरून मागे, दाराच्याही मागे, कुठेतरी.

भागूबाई धावली. तिनं दोन्ही हातांनी धाकटीचे खांदे धरले, गदागदा हलवलं, "अगं ए, इकडे बघ, इकडे बघ, मी आहे, मी आहे ना—" म्हणत ती तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत राहिली. चहा तिच्या पायावर सांडला. थंड होता.

मग धाकटीच्या पापण्या हलल्या, आणि ती अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "असंच दिसतं ना, ताई?"

भागूबाईचे हात तिच्या खांद्यांवरून सुटले.

"मी थांबले नाहीये. चित्रात आहे तसं करून बघत होते. जमलं का?"

भागूबाई मटकन खाली बसली. तिला रडूही येईना. धाकटीनं कप खिडकीत ठेवला.

"लहानपणापासून विचारतेय तुला. झोपल्यासारखी, म्हणालीस. शांत, म्हणालीस. मी मनात तसंच चित्र धरून बसले होते. आणि आज जगाबरोबर मला कळलं, की मी लोक घाबरून पळतील अशी दिसते."

"मी मुद्दाम नाही गं काढलं. हातातून आपोआप—"

"ते तर आणखी वाईट. म्हणजे तुझ्या डोक्यात मी अशीच आहे. कायम."

"मला भीती वाटते गं तुझी. म्हणजे तुझ्यासाठी."

"तुझी म्हणालीस ते खरं आहे." धाकटी उठली. "आता मी सांगते मला काय दिसतं. मला माझं तोंड दिसत नाही. मी परत येते तेव्हा पहिल्यांदा दिसतं ते तुझं तोंड. इतकं जवळ. डोळे बाहेर आलेले, घाम, तोंड उघडं, आतले दातसुद्धा दिसतात. दरवेळी मला वाटतं की मी मेले होते. त्या जाहिरातीत दुसऱ्या बाजूला तो राक्षस आहे ना, धावत अंगावर येणारा? तो मला फार ओळखीचा वाटला, ताई."

संध्याकाळ व्हायच्या आत धाकटी बॅग भरून मावशीकडे गेली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी, दिवसभर विणकाम करणारी आणि कशाचीच घाई नसलेली बाई.

पुढचे दिवस भागूबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. धाकटी फोन उचलायची नाही. मावशी उचलायची आणि म्हणायची, "जेवलीय, झोपलीय, बरी आहे. तू फोन ठेव आता." मधल्या काळात धाकटी तिथे एकदा थांबली, कोसळलीही. मावशीनं तिच्या डोक्याखाली उशी सरकवली, तिला कुशीवर वळवलं आणि शेजारी बसून सुया चालू ठेवल्या. हे मावशीनंच सांगितलं, भाजी काय केली ते सांगावं तसं. भागूबाईला ऐकूनच घाम फुटला. त्याहून जास्त तिला टोचलं ते मावशीचं पुढचं वाक्य: "उठली, पाणी प्यायली, म्हणाली, मावशी, तुझ्याकडे काही झालंय असं वाटतच नाही."

ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली. "ते चित्र काढून टाका."

"अहो, लोक ते चित्र बघून जाहिरात बंद करतायत आणि लगेच पुन्हा उघडतायत! आता कसं—"

"ते माझ्या बहिणीचं तोंड आहे. तिला फिट येते तेव्हाचं." हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला होता. तिनं टेबल धरलं. "तिला न विचारता काढलंय. राहणार असेल तर मी उद्यापासून येत नाही."

मालकांनी या वेळी तिचं बोलणं संपू दिलं आणि विचार करून सांगतो म्हणाले. ती घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या वेळी मावशीकडे गेली.

दार धाकटीनंच उघडलं. भागूबाईनं दारातच सगळं सांगून टाकलं, नोकरी सोडतेय, चित्र निघालं नाही तर काय करायचं कळत नाही, वगैरे. धाकटीनं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं.

"गेममध्ये त्या बाईचं पुढे काय होतं?"

"खेळणाऱ्यानं खोलीचं दार बाहेरून लावायचं आणि पळायचं."

"म्हणजे मला कोंडायचं."

भागूबाई दाराच्या कडीशी चाळा करत राहिली.

"आणि कोणी नाहीच पळालं? तिच्याजवळ बसून राहिलं तर?"

"काही नाही. चित्र आहे तसंच राहतं."

"तसंच कसं राहील? मी राहते का तशी? परत येते ना मी? तेवढा वेळ बसून राहणाऱ्याला ती परत आलेली दिसायला नको?" धाकटीचा आवाज चढला होता. आतून सुयांचा टिकटिक आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "काढू नकोस मला तिथून. पण परत आण. परत येताना मी जशी दिसते तशी काढ."

इतक्या वर्षांत भागूबाईनं ते कधी बघितलंच नव्हतं. "मला माहीत नाही गं कशी दिसतेस," ती म्हणाली. "तेव्हा मी ओरडत असते."

त्यानंतर ती काम संपलं की मावशीकडे जाऊ लागली. प्रोग्रॅमरला तिनं धाकटीचं म्हणणं सांगितलं होतं, आणि त्यानंच मालकांच्या गळी उतरवलं. "पण हे जपानी अर्ध्यातच होईल, भागूताई. पाश्चात्य अर्ध्यात जागचं न हलणाऱ्याला राक्षस खातो. तिथे थांबणं म्हणजे मरण. इथे चित्र मुळातच थांबलेलं, त्यामुळे वाट बघता येते."

एका रविवारी दुपारी तिघी टेबलाभोवती मटार सोलत बसल्या होत्या. धाकटी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबली. हातातली शेंग बोटांत तशीच, ओठ हलायला लागले. भागूबाईचा जीव वर आला. ती अर्धी उठलीही.

"बस," मावशी म्हणाली. "नुसती बस."

ती बसली. छाती अशी धडधडत होती की कानांत दुसरं काही ऐकू येईना. तोंडून हाक निघेल म्हणून तिनं पदर दातांत धरला. धाकटीची नजर तिच्या आरपार गेली होती, आणि हे तेच होतं, तीच खिडकी, तेच ऊन, पळून जावं असं वाटायला लावणारं. तरी तिनं मान फिरवली नाही. आधी ओठ थांबले. मग बोटं सैल झाली. मग पापण्या जड होऊन एकदा मिटल्या, उघडल्या, आणि बुबुळं हळूच इकडे-तिकडे फिरली, अनोळखी घरात दिवा शोधावा तशी. नजर भागूबाईच्या चेहऱ्यावरून न ओळखता पुढे गेली, परत आली, आणि तिथे टेकली. दोन भुवयांच्या मधे एक बारीक आठी पडली. त्रासलेल्या, दमलेल्या, आपल्याच घरच्या बाईची आठी.

"पाणी दे," धाकटी म्हणाली. मग जरा वेळानं, "पदर का खातेयस?"

ते तीन चेहरे भागूबाईनं सोळा रंगांत बसवले. मिटलेल्या पापण्या, शोधणारी नजर, आणि ती आठी, जी शेवटी ठिपक्यांच्या एका छोट्याशा उभ्या रेघेत मावली. डोळ्यांतले पांढरे ठिपके परत कुठल्या चित्रात द्यायचे, यावरच तिचे कितीतरी दिवस गेले. गेम बाहेर पडला. बहुतेक लोक दार लावून पळाले. मालकांनी सांगितलं की राक्षसाचीच चर्चा जास्त आहे. थोड्या जणांनी लिहिलं की आम्ही बसून राहिलो आणि काहीतरी झालं, पण काय झालं ते त्यांनी बाकीच्यांना सांगितलं नाही.

धाकटी परत राहायला आली नाही. मावशीकडची मागची खोली तिला आवडली होती, आणि तिथे ती गॅसही पेटवायची. भागूबाईची भीती काही गेली नाही. फोन अजूनही सारखे करायची, फक्त धाकटीनं नाही उचलला तर धावत सुटायची नाही, खुर्चीला घट्ट धरून बसायची.

एका सुटीच्या दिवशी धाकटी घरी आली आणि म्हणाली, गेम लाव. जपानी अर्धं. ती खिडकीतल्या बाईपर्यंत पोचली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. भागूबाईला तिथे उभं राहवेना. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली. बाहेरून काहीच आवाज नाही. तिनं नळ सोडला, बंद केला.

"आली का गं?" तिनं आतूनच विचारलं.

"थांब ना, ताई," बाहेरून धाकटीचा आवाज आला. "येतेय."